खांदा दाखवायला आलेला टॅकलर

संध्याकाळी माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये बहुतेक पोलीस भरतीची पोरं असतात. १६०० मीटर पळून नडगी धरलेली, गोळा फेकून कोपर दुखावलेली. हा मुलगाही त्यांच्यातच बसला होता. वय १७, बारावी कला, घरची कोरडवाहू शेती, आठवीपासून कबड्डी आणि गेल्या वर्षापासून रग्बी. सोबत आई. तक्रार एका वाक्याची: "डावा खांदा वर उचलंना गेलाय, डॉक्टर." नऊ दिवसांपूर्वी मराठवाड्यातल्याच एका क्रीडा संकुलावर १९ वर्षांखालील मुलांच्या सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बी स्पर्धेत तो पडला होता. हे प्रकरण त्याच्या आणि घरच्यांच्या संमतीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

खांद्याचं काम सोपं निघालं. कॉलर बोन जिथं खांद्याच्या टोकाला येऊन मिळते, नेमकं तिथं बोट ठेवलं की तो दचकायचा. हाड जागेवर होतं, सांधा निसटलेला नव्हता. सांध्यावरचे बंध ताणले गेले होते, तेही पहिल्या पायरीचे. खांद्यावर आपटणाऱ्या रग्बीपटूंत ही दुखापत नेहमीची. काही दिवस हाताला आधार, मग हळूहळू हालचाल आणि ताकदीचे व्यायाम. मी कागदावर व्यायाम लिहायला घेतले आणि तेवढ्यात आई बोलली.

"ह्याचं अजून एक बघा. एकच गोष्ट चार चार खेपा इचारतोय. आन् घरात ट्यूब लावली की टोपी डोळ्यावर ओढून बसतोय. मोबाईलला तर हातच लावंना गेलाय, तेवढं मात्र बरं झालं."

मोबाईल सुटला म्हणून आई खूश होती. १७ वर्षांच्या पोरानं नऊ दिवस मोबाईल आपणहून बाजूला ठेवला असेल, तर मला त्याच्या खांद्याआधी डोक्याची काळजी वाटते.

तपासणी

पेनाचं टोक त्याच्या नाकाकडे हळूहळू आणत गेलो. निरोगी पोराच्या दोन्ही डोळ्यांची नजर पेन नाकापासून पाच-सहा सेंटीमीटरवर येईपर्यंत त्याच्यावर टिकते. याला वीतभर अंतरावरच दोन पेनं दिसायला लागली आणि डावा डोळा बाहेर सरकला. डोकं डावी-उजवीकडे फिरवत समोरच्या अक्षरावर नजर ठेवायला सांगितली, तर पाच-सहा वेळा फिरवल्यावर त्यानं टेबलाची कड धरली. वार उलटे म्हणायला लावले. रविवार, शनिवार, शुक्रवार, गुरुवार इथवर झपाझप आला. मग थांबला, हसला, "बुधवार" म्हणाला आणि पुढं परत गुरुवार. डोळे मिटून एका पायापुढं दुसरा पाय लावून उभं केलं, तर कबड्डीत कोपरा सांभाळणारा हा गडी दहा सेकंदांत डगमगला.

हे कन्कशन. डोक्याला किंवा अंगाला बसलेल्या धक्क्यानं मेंदू कवटीच्या आत हलतो आणि त्याचं कामकाज काही काळ विस्कळीत होतं. घागर फुटत नाही, पण आतलं पाणी हिंदकळतं. बेशुद्धी यायलाच पाहिजे असं नाही, बहुसंख्य कन्कशनमध्ये येतही नाही. हा मुलगाही क्षणभर बेशुद्ध झाला नव्हता, म्हणून "काय झालं नव्हतं" असं सगळेच छातीठोकपणे सांगत होते.

त्या रात्री त्याला दवाखान्यात नेलं होतं, हेही मग कळलं. दोनदा उलटी झाली तेव्हा सोबतच्या पोरांनी पित्त म्हणून लिंबूपाणी दिलं, कुणी ऊन लागलं म्हणालं. चुलत्यानं मात्र गाडीवर बसवून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं सीटी स्कॅन झाला, नॉर्मल आला. वारंवार उलटी असताना स्कॅन करून आत रक्तस्राव नाही याची खात्री केली, हे योग्यच झालं. गडबड पुढं झाली. "रिपोर्ट नॉर्मल" हे दोन शब्द घरी पोचले ते "पोरगा नॉर्मल" असे होऊन. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाडाची चीर दिसते. कन्कशनमध्ये बिघडतं ते काम, रचना नव्हे. त्यामुळे तिथं स्कॅन स्वच्छ येणं हेच नेहमीचं. पाचव्या दिवशी पहाटे तो भरतीच्या सरावाला पळायला गेला, दुसऱ्या फेरीत डोकं ठणकायला लागलं म्हणून रस्त्याकडेला बसला, आणि दोष गेला झोप न झाल्याला.

व्हिडिओ

त्याच्या वर्गमित्रानं सामना मोबाईलवर काढला होता. तो मी मागवून घेतला आणि थांबवत थांबवत पाहिला.

मैदान मुरमाचं, वरून लोळवलेलं. पावसाळा सरलेला, गवत नावाला. सकाळचा सामना, दुसरा हाफ. समोरचा धिप्पाड पोरगा चेंडू काखेत मारून कडेनं सुटलाय. आपला खेळाडू आडवा जातो, खाली वाकतो, नजर जमिनीकडे, आणि झेपावतो ते थेट त्याच्या पुढच्या पायावर. दोन्ही हात घोट्या-गुडघ्याशी. डोकं मात्र धावणाऱ्याच्या समोरच्या बाजूला. पुढचं पाऊल पडतं आणि मांडी-गुडघ्याचा भाग कानशिलाच्या वर बसतो. मग दोघं कोसळतात आणि डावा खांदा मुरमावर. टॅकल झाला, म्हणजे चेंडूवाला धरून पाडला गेला. ट्राय, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण, वाचला. कडेनं टाळ्या, शिट्ट्या.

यानंतरचे काही सेकंद मी पुन्हा पुन्हा पाहिले. तो उठतो. एक हात गुडघ्यावर ठेवून खाली बघतो. चालायला लागतो आणि समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. त्यांच्यातलाच एक जण त्याला खांद्याला धरून वळवतो. व्हिडिओ काढणारा खदाखदा हसताना ऐकू येतो: "आरं तिकडं कुठं चाललाव!" मैदानावरही हशा. डोक्यावर बाटलीभर पाणी, खांद्यावर स्प्रे, खेळ चालू. दुपारी तो दुसरा सामनाही पूर्ण खेळला. त्याला विचारलं तर सकाळच्या सामन्याचा शेवट आठवत नाही. जिंकलो हे पोरांनी सांगितलं म्हणून माहीत.

त्याच सामन्यात दुसऱ्या एका मुलाचा ओठ फुटला. रक्त दिसताच पंचानं शिट्टी मारली, दोन शिक्षक पळत आत आले, कापूस, बर्फ, बाकावर बसवणं, कुणी १०८ ला फोन लावायला निघालेलं. तो पोरगा तिसऱ्या दिवशी सरावाला हजर होता. संयोजकांच्या नोंदवहीत त्या दिवसाची एकच दुखापत आहे: ओठ. रग्बीच नव्हे, आपल्याकडच्या कुठल्याही मैदानी स्पर्धेत दुखापत मोजली जाते ती रक्तावर नाहीतर लंगडण्यावर. यात संयोजकांचा वाईट हेतू नाही, पण या पद्धतीनं मोजलं तर रग्बीतली सर्वांत महत्त्वाची दुखापत यादीत येणारच नाही.

किती वेळा, आणि कशातून

रग्बीत दुखापती मोजायची ठरलेली रीत आहे. खेळाडूला २४ तासांहून जास्त सराव किंवा सामन्याबाहेर राहावं लागलं की ती एक दुखापत, आणि हिशेब दर १००० खेळाडू-तासांमागे. या मापानं पुरुषांच्या व्यावसायिक पंधराजणी रग्बीत सामन्यांतल्या दुखापती सुमारे ८१, तर सरावातल्या जेमतेम ३. पंधरा जण ८० मिनिटं खेळले की २० खेळाडू-तास होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला एका सामन्यात दीडेक दुखापत. आंतरराष्ट्रीय सेव्हन्समध्ये हा दर शंभराच्याही थोडा वर जातो. मैदान तेवढंच, माणसं निम्मी, त्यामुळे धावणारा पूर्ण वेगात असताना टक्कर होते. सामना १४ मिनिटांचा असल्यानं एका संघाला साधारण सहा सामन्यांत एक दुखापत.

हे आकडे आपल्या शालेय स्पर्धेला जसेच्या तसे चिकटवणं चूक. ती माणसं शंभर किलोची, खेळावर जगणारी. इंग्लंडच्या हौशी पुरुष रग्बीत, आठवड्याहून जास्त बाहेर बसवणाऱ्या दुखापतीच मोजल्या तर १००० तासांना १७ च्या आसपास भरतात. खालच्या पातळीवर वेग आणि वजन कमी, म्हणून दरही कमी. पण दुखापत कशातून होते, हे सगळ्या पातळ्यांवर सारखंच आढळतं. सामन्यातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त दुखापती टॅकलमध्ये. स्क्रमची, म्हणजे दोन्ही संघांचे गडी एकमेकांत गुंतून रेटतात त्या डावाची, धास्ती जास्त असली तरी रोजचा धोका टॅकलचाच. आणि डोक्याच्या बाबतीत मार खाणारा बहुतेक वेळा टॅकल करणारा असतो, चेंडू घेऊन पळणारा नाही. प्रेक्षकांची सहानुभूती आडवा झालेल्याला मिळते, डोकं मात्र पाडणाऱ्याचं आपटलेलं असतं.

इंग्लंडच्या वरच्या साखळी स्पर्धेत २०११-१२ पासून कन्कशन ही सामन्यांत सर्वाधिक नोंदली जाणारी दुखापत आहे. तोवर पोरांची डोकी आपटत नव्हती असं थोडंच! लोक बघायला आणि लिहायला लागले, हे त्यामागचं एक मोठं कारण.

कबड्डीची सवय

शिक्षकांशी बोलायला मी शाळेत गेलो. माणूस जिद्दीचा आहे. अंडाकृती चेंडू स्वतःच्या पगारातून आणलेला, नियम व्हिडिओ बघून शिकलेला. संघ बांधला तो अर्थातच कबड्डी आणि कुस्तीतल्या पोरांमधून. आपल्याकडे दुसरं कोण मिळणार, आणि खरं तर याहून चांगलं कोण मिळणार? धीट, चपळ, अंगावर घ्यायला न भिणारी पोरं.

पण याच हुशारीत खोच आहे. कबड्डीत कोपऱ्यावरचा गडी घोटा धरतो तेव्हा चढाई करणारा दम घेत, पाय टाकत खेळत असतो आणि पकड बसताच तो मध्यरेषेकडे, म्हणजे धरणाऱ्यापासून लांब पळतो. खाली नजर घालून पायावर झेप घेतली आणि डोकं कुठल्याही बाजूला गेलं तरी बहुतेक वेळा निभावतं. (बहुतेक वेळा, कबड्डीत गुडघा लागून डोळ्यापुढं अंधारी आलेली पोरं मी पाहिली आहेत.) रग्बीत धावणारा तुमच्याकडे येत असतो. तीच झेप, तेच घोटे, पण आता डोकं त्याच्या पुढच्या बाजूला राहिलं तर पुढचं पाऊल डोक्यावर येणार, हे ठरलेलं.

रग्बीची पकड वेगळी. नजर वर, धावणाऱ्याच्या कमरेवर. पाय जवळ नेऊन मगच खांदा लावायचा. डोकं त्याच्या पाठीकडच्या बाजूला. हात गुंडाळायचे आणि पायांनी रेटायचं. उंच टॅकल धोक्याचा आहेच. खांद्याच्या रेषेच्या वरचा टॅकल नियमानंच बंद आहे, आणि इंग्लंडनं २०२३ पासून हौशी खेळात ही मर्यादा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आणली. आपल्या पोरांचा प्रश्न मात्र उलटा आहे. ती मुळातच खालून जातात. त्यांना "खाली जा" सांगण्यापेक्षा "डोकं मागं ठेव" हे शिकवायला हवं. परदेशी कोचिंगचे व्हिडिओ कबड्डीतून आलेला विद्यार्थी धरून बनवलेले नसतात, त्यामुळे तिथं हा धडा एवढ्या जोरात येत नाही.

सरांनी माझं ऐकून घेतलं आणि एका पोराला बोलावून तिथल्या तिथं करून बघितलं. चालत येणाऱ्या गड्याला धरायला सांगितलं. तिघांपैकी दोघांची डोकी पुढच्या बाजूला गेली.

उपचार

एक गोष्ट मी आई-मुलाला सगळ्यात आधी सांगितली: पहिलं कन्कशन भरून येण्याआधी दुसरा मार बसला तर परिणाम जिवावर बेतू शकतो. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधला १४ वर्षांचा शाळकरी मुलगा एकाच सामन्यात एकापेक्षा जास्त वेळा डोक्याला मार बसूनही खेळत राहिला, सामन्याच्या शेवटी कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. चौकशीत कारण निघालं ते दुसऱ्या आघाताचं. आपला मुलगा त्या दुपारी दुसरा सामना खेळला आणि निभावला, ते नशीब.

पुढचं काम चिकाटीचं. मार लागल्यावरचे पहिले एक-दोन दिवस विश्रांती लागते. आता अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवण्यात अर्थ नव्हता. रोज चालणं, डोकं दुखणार नाही इतपतच वेग. कॉलेजला अर्धा दिवस. नजरेसाठी व्यायाम साधा: भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या एकादशीच्या आकड्यावर डोळे रोवून डोकं हलवायचं, आधी बसून, मग उभं राहून. मानेचे व्यायाम सोबत, कारण अशा धक्क्यात मानही आखडते आणि डोकेदुखीत तिचाही वाटा असतो. खांदा आपल्या गतीनं बरा होत होता, त्याकडे कुणाचं लक्षही उरलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात डोकेदुखी गेली. वार उलटे घडाघडा म्हणाला, बुधवारला मुद्दाम थांबून माझ्याकडे बघितलं. पण लक्षणं गेली म्हणजे मैदान खुलं झालं असं नाही. ब्रिटनमध्ये २०२३ पासून हौशी खेळांसाठी जी रीत सांगितली आहे ती मी धरली: मार लागल्यापासून २१ दिवसांच्या आत सामना नाहीच, आणि लक्षणांशिवाय सलग १४ दिवस गेल्याखेरीज टकरीचा सरावही नाही. मधल्या काळात पायऱ्या. हलकं पळणं, मग दिशा बदलत पळणं, मग चेंडू, शेवटी टक्कर. एखाद्या पायरीवर डोकं दुखलं की एक पायरी मागं. भरतीचं पळणं त्यानं परत सुरू केलं ते या हिशेबात बसवून.

संघ पुढच्या फेरीत गेला होता आणि ती फेरी त्याच्या १४ दिवसांच्या आतच आली. तो गेला नाही. वडील माझ्यावर चिडले, आणि त्यांचा राग मला समजतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी नुसतं खेळून भागत नाही, वरच्या स्तरावर क्रमांक यावा लागतो. कोरडवाहू घरात एका प्रमाणपत्राची किंमत काय असते हे मला कुणी सांगायला नको. पोरं दुखणं लपवतात ती बहादुरीसाठी कमी आणि या कागदासाठी जास्त. खेळाडूला "बरं वाटतंय का" विचारून निर्णय घेऊ नये, तो याचसाठी. तो "हो" म्हणणार.

सरांशी ठरलेलं आणि न ठरलेलं

सराव बदलला. सरकीच्या पोत्यात भुस्सा भरून टॅकलची बॅग केली आहे. आधी गुडघ्यावर बसून टॅकल, मग चालत, मग अर्ध्या वेगानं. तीनही वेळा दुसरा एक पोरगा फक्त डोकं कुठल्या बाजूला गेलं ते बघतो आणि ओरडतो. वॉर्म-अपमध्ये तोल, मान, उडी मारून उतरणं आणि दिशा बदलणं आलं. इंग्लंडच्या शाळांमधल्या मुलांवर अशाच व्यायामांचा अभ्यास झालाय. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा करणाऱ्या संघांत सामन्यांतल्या दुखापती ७२ टक्के आणि कन्कशन ५९ टक्के कमी निघाले. पंधरा-वीस मिनिटांचं काम, साहित्य काही नाही. शाळांसाठी याहून स्वस्त उपाय माझ्या बघण्यात नाही.

प्रथमोपचाराच्या पेटीत आता एक पुठ्ठा आहे, पाच प्रश्नांचा. आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचे गुण कुणी केले? याआधीचा सामना कुणाशी झाला? तो आपण जिंकलो का? एक उत्तर जरी चुकलं तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. सगळी उत्तरं बरोबर आली तरी चुकीच्या रांगेत उभा राहिलेला, डुलत चाललेला, शून्यात बघणारा पोरगा बाहेरच. मोठ्या सामन्यांत डोक्याची तपासणी करून खेळाडूला परत आत सोडतात, त्याचा दाखला सर देत होते. तिथं प्रशिक्षित डॉक्टर असतो, कॅमेरे असतात. तालुक्याच्या मैदानावर संशय हाच निकाल. मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात म्हणाला तर त्याला हलवायचंही नाही, १०८ येईपर्यंत डोकं धरून ठेवायचं. उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका, गुंगी यांतलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना.

एका मुद्द्यावर गाडी अडली. अंतिम सामन्यात, बरोबरी असताना, सगळ्यात चांगला गडी बाहेर काढायचा का, हे कुणी ठरवायचं? सर म्हणाले, "मीच. संघ माझा हाय." माझं म्हणणं, ज्याला सामना जिंकायचाय त्याच्या हाती हा निर्णय नको. सेव्हन्समध्ये बाकावर पाच जण असतात, एक गेला म्हणून संघ तुटत नाही. "पाच असतात कागदावर," सर म्हणाले. "दोघं ऊसतोडीला आईबापासंग गेलेत, एकाची परीक्षा हाय." ते खोटं नव्हतं.

शेवटी नियमावलीच काढून बसलो. दुखापतग्रस्त खेळाडूनं खेळू नये असं वाटलं तर त्याला बाहेर जायला सांगण्याचा अधिकार पंचाला आहेच. सरांना हे माहीत नव्हतं, आणि त्यांना त्यात सुटका दिसली: पंचानं काढलं तर पोराच्या बापाशी भांडण त्यांचं राहत नाही. पुढच्या स्पर्धेआधी पंचांच्या बैठकीत तो व्हिडिओ दाखवायचा ठरलंय, चेहरे झाकून. सरांची एकच अट आहे, हसण्याचा आवाज बंद करायचा. मला तो आवाज ठेवायचाय.